धुरपताबाईचे वरचे सहा

अन् वरून मलेच विचारते, माझे सहा रुपये कमी काऊन पडले म्हणून. मले विचारते. पोलक्यात थैली बांधून मी दोन देश पाहून आली, कोणाचा एक रुपया खाल्ला नाही, अन् ही धुरपताबाई, आमच्या भिंतीले भिंत लावून राहते ती, यात्रेवरून आल्यावर एका सकाळी भांडे घासता घासता मले म्हणते, "अन्नपूर्णा, टेकचंदच्या दहाचे सोळा पडले, मंग माझे दहाचे दहाच काऊन?" आता तुमी बसल्याच आहात तर ऐकाच. चहा नंतर ठेवजा. आधी ऐका अन् मले सांगा, मंग तो पैसा कोणाचा?

झालं काय, तुमाले सांगतो, दोन सालाआधी धान घरात आलं अन् आमच्या केशोरीच्या विहारातून लुंबिनीले बस निघाली. बुद्धाचा जन्म झाला ते ठिकाण, नेपाळात आहे. बस काढली खेमराज भाऊजीनं. विहार कमेटीचे अध्यक्ष. माणूस चांगला आहे, फक्त त्याले एखादी गोष्ट माहीत नाही असं कधी होतच नाही. मी चौथी शिकली, मले पुष्कळ माहीत नाही, म्हणून मी विचारत राहतो. त्याच्यानं भाऊजीचं डोकं दुखते.

आता आपल्या इकडची रीत तुमाले माहीतच आहे. एक जण यात्रेले निघाला का सारं गाव त्याच्या हातावर पैसे ठेवते, माझ्या नावानं तिथं टाकजो. कोणी दहा, कोणी वीस, कोणी पन्नास, एखादा शंभर. अन् नुसते देत नाही, सांगून देते. टेकचंद म्हणे, "काकू, हे दहा टाकजो अन् पोराच्या नोकरीचं बोलजो." मी म्हटलं, बाबू, बुद्ध नोकरी लावून देत नाही, त्याहीनं सोताचं राज्य सोडलं. तर म्हणे, बोलायले काय जाते.

धुरपताबाईनं दिला दहाचा सिक्का. आता दहाचा सिक्का आपल्या बाजारात कोण घेते? किराणावाला म्हणते नकली आहे, काळीपिवळीवाला म्हणते उतरा खाली. सरकार म्हणते चालते, बाजार म्हणते नाही चालत, अन् आपण मधात मूठ उघडून उभे. मी सरळ तोंडावर म्हटलं, "काय व बाई, इथं चालत नाही ते बुद्धाले देऊन राहिली का?" तिनं सिक्का पदरानं पुसला, माझ्या हातावर ठेवला अन् म्हणे, "केशोरावच्या सदऱ्यातला होय."

केशोराव म्हणजे तिचा नवरा. तंबाखू आणायले गेला होता, दुकानदारानं सिक्का वापस केला, हा तसाच घरी आला, सदरा खुंटीले लावला अन् त्याच हप्त्यात गेला. लुंबिनी पाहीन, लुंबिनी पाहीन, म्हणतच गेला. "नोट असती तर खर्च झाली असती," धुरपताबाई म्हणे, "चालत नव्हता म्हणून उरला. हाच टाकजो. बदलवू नको." बांधला थैलीत. वरून मी विहारात साऱ्याईसमोर बोलून बसली, का ज्याची नोट त्याच्याच नावानं पडंल, माझा शब्द होय. बोलली अन् फसली.

बस सोनौलीले पोहोचली. इकडं आपण, तिकडं नेपाळ, मधात एक कमान. कमानीच्या अलीकडं लोक टेबल टाकून नोटांच्या थप्प्या लावून बसलेले, जसे आपल्या बाजारात भेदरं-टमाटे घेऊन बसतेत ना, तसे. पैसा देऊन पैसा घेऊन राहिले. मी जिंदगीत पाहिलं नव्हतं. भाऊजी बसमध्ये उभे राहिले अन् म्हणते, "कोणीच उतरू नका, हे लोक लुटते. नेपाळात बी रुपयाच आहे. रुपयाले रुपयानं कायले बदलवाचं?" पटण्यासारखं होतं. सगळे बसून राहिले. मी उतरली.

त्या टेबलवाल्याले विचारलं, भैया, तुम्हारा रुपया और हमारा रुपया, फरक क्या है? म्हणे, "दिदी, आपका सौ, हमारा एक सौ साठ।" किसने ठहराया? "सरकार ने।" कब? "पहले से है।" पहले से मतलब कब से? तर तो हातातली थप्पी खाली ठेवून म्हणते, "दिदी, बदलना है कि नहीं?" आता पाहा, विचारलं तर राग येते लोकाले. माझा बाप मजुरीले जाये तवा मालक पायलीनं धान मोजून दे. अन् तेच धान दुकानात नेलं का दुकानदाराची पायली मोठी. दोन्हीचं नाव पायलीच. मले वाटलं तसंच काही असंल. पण पायली तर लाकडाची राहते, डोळ्याले दिसते. हे रुपयाचं लहान-मोठं कुठं दिसते?

म्हणून मी कमानीखाली गेली. एक पाय इकडं ठेवला, एक पाय तिकडं. पोलक्यावर हात ठेवला अन् विचार करून राहिली, का आता या घडीले टेकचंदचे दहा आहेत का सोळा? नोट तीच, थैली तीच, मी तीच. पाय पुढं टाकला का वाढते, मागं घेतला का घटते? पुढं... मागं... पुढं... अन् वरचे जे सहा, ते येते कुठून? टेकचंद तर घरी झोपून असंल, त्यानं काही केलं नाही. पाय माझे. जागा नेपाळची. मंग तो पैसा कोणाचा? तेवढ्यात पोलीसवाला आला, "माताजी, आगे बढ़िए, गाड़ी आ रही है।" मी म्हटलं, साहेब, आप यहाँ रोज खड़े रहते, आपको तो मालूम रहेगा... त्यानं शिटी वाजवून खेमराज भाऊजीले बोलावलं.

तर लुंबिनी आली. रस्ता असा का हाडं वेगळे झाले, अन् बस मधात कुठं थांबलीच नाही. उतरल्याबरोबर साऱ्या बाया बाथरूमकडं धावल्या. दारात एक नेपाळी बाई टेबल घेऊन बसलेली, एका माणसाचे दहा. भाऊजीनं ऐटीत पाचशेची नोट काढली. "सबका काट लो।" ती म्हणे, "पाँच सौ नहीं चलेगा।" भाऊजी म्हणे, "अरे असली है।" म्हणे, "असली है, पर नहीं चलता। सौ तक चलता है। आयसी छोटा दो, नहीं तो एनसी दो।" आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे त्याहीचा, हे मले मंग समजलं. तवा भाऊजीले बी समजलं नाही. तो म्हणते, "हम कमेटी से हैं।"

आता म्हणते का कायदा बदलला, पाचशेची बी चालाले लागली. असंल. तवा नव्हती चालत. अन् सारी बस पाचशेच्याच नोटा घेऊन आलेली, एटीएममधून काढलेल्या, कडक. एकएकीच्या पर्समध्ये चार-पाच हजार, अन् लघवीले जायची सोय नाही.

माझ्या बाजूच्या सीटवर सावित्रीबाई होती, शुगरवाली. पायावर पाय दाबून उभी. म्हणे, "अन्नपूर्णा, तुयाजवळ आहे ना व." मी म्हटलं, नाही. म्हणे, "पोलक्यात आहे." मी म्हटलं, ते दान होय. म्हणे, "मी बी दानच मागून राहिली बाई." अन् साऱ्या बाया माझ्या छातीकडं पाहून राहिल्या. भाऊजीनं तेवढं तोंड फिरवलं.

आता तुमीच सांगा, काय करतं माणूस? सावित्रीले तिथं तशीच उभी ठेवून मी आत जाऊन पंचशील म्हणू? भिंतीकडं वळली, थैली काढली. पण नाव घेतल्याबिगर द्यावं वाटे ना. एकएक नोट देत गेली अन् सांगत गेली. "सावित्री, हे टेकचंदचे दहा, जा. तुमी दोघी, हे मुन्नालालचे वीस, जा." सावित्रीबाई बाहेर आली, चेहरा असा उजळलेला, अन् काय म्हणे, "टेकचंदचं भलं होवो, त्याच्या पोराले नोकरी लागो." घ्या. त्याचं काम दारातच झालं.

मंग चहा त्याच नोटांवर, पाणी त्याच नोटांवर, म्हाताऱ्यांसाठी ई-रिक्षा त्याच नोटांवर. थैली रिकामी. राहिला सिक्का. अन् बाथरूमले जायचे राहिले भाऊजी, बायाईले पुढं जाऊ देता देता. म्हणे, "वहिनी, तो सिक्का..." मी म्हटलं, तो केशोरावचा होय, तो नाही. तरी माझ्या हातावरून उचललाच त्यानं अन् टेबलावर ठेवला. त्या बाईनं एका बोटानं वापस सरकवला. "सिक्का नहीं चलेगा।" चालत नव्हता म्हणून पुन्हा उरला. अध्यक्ष गेले दूर झाडामागं.

माझ्या थैलीत सिक्का सोडून हजार होते. बायाईनं आपसात जमवून मले पाचशेच्या दोन नोटा दिल्या. हिशोब बरोबर. पण मी दानपेटीपुढं उभी राहिली अन् हात उठे ना. ज्या नोटा टेकचंदनं दिल्या, मुन्नालालनं दिल्या, त्या तर चहावाल्याच्या गल्ल्यात. या हातातल्या नोटा सावित्रीच्या एटीएमच्या. मंग हा पैसा कोणाचा? भाऊजी म्हणे, "टाका ना वहिनी, पेटी काय नाही म्हणते का?" मी म्हटलं, भाऊजी, जी नोट संडासात चालत नाही ती बुद्धापुढं टाकू का? सिक्का बी चालत नाही, मले समजते. पण तो सिक्का काही पैसा नव्हता, तो केशोराव होता.

गेली नोटा बदलवायच्या दुकानात. मोठा काचेचा दरवाजा, आत पोरगा. म्हणे, "हजार का पंधरह सौ।" मी म्हटलं, बॉर्डर पर सोला सौ है. म्हणे, "तो बॉर्डर पर जाइए, दिदी।" असं? मले म्हणते बॉर्डरवर जा. मी बाहेर आली अन् त्याच्या पायरीवरच बसली. कोणी आला का सांगे, "भैया, बॉर्डर पर एक सौ साठ मिलता, यहाँ डेढ़ सौ देता, बाकी आपकी मर्जी।" मराठीवाला आला तर मराठीत. एक जण थायलंडचा आला, त्याले बोटं दाखवून सांगितलं, तो हात जोडून चालला गेला. थोड्या वेळानं काच उघडली अन् पोरगा म्हणे, "दिदी, अंदर आइए। सोला सौ लीजिए, और उठिए।"

मोजून घेतले अन् पेटीत टाकले. एकएकाचं नाव घेऊन. टेकचंदचे सोळा. मुन्नालालचे बत्तीस. वरचे त्याहीचेच, मी काही ठेवले नाही. सगळ्यात शेवटी सिक्का. नोटा पडतेत तवा आवाज होत नाही. केशोरावच तेवढा वाजला. मले डोळ्याले पाणी आलं, आता खोटं कायले बोलू.

झालं ना? शब्द पाळला ना? पण सावित्रीबाईच्या तोंडाले झाकण आहे का? गावात आल्यावर घरोघरी सांगत फिरली, तिथं दहाचे सोळा होते, दहाचे सोळा होते. टेकचंद छाती काढून फिरून राहिला. अन् धुरपताबाईच्या कानावर गेलं. मी म्हटलं, बाई, तूच म्हणाली ना, बदलवू नको? म्हणे, "म्हणाली. पण त्याचे दहाच पडले ना?" मंग भांडं खाली ठेवलं अन् म्हणे, "माणूस जिंदगीभर कमीच घेत आला, अन्नपूर्णा. मजुरी कमी, धान कमी. तिथं बी त्याचेच कमी?"

आता याले काय उत्तर आहे? तुमाले येते का? मी घरात गेली. चहातून उरलेली नेपाळची पाचाची नोट होती माझ्याजवळ, मागच्या बाजूनं केसाळ गाईचं चित्र असलेली. ती तिच्या हातावर ठेवली, वरून माझा एक रुपया. घे तुझे सहा. तिनं दोन्ही पाहिले अन् म्हणे, "तुया एक रुपया तिथं दीडाच्या वर होते. वरचं कोणाचं?" शिकली बाई. दोन दिवसात शिकली, मले दोन देश लागले.

तर म्हणे रुपया तू ठेव, अन् नोट पेटीत टाकून दे. मी आपल्या विहाराच्या पेटीत टाकली. पौर्णिमेले भाऊजीनं पेटी उघडली अन् माइकवरून विचारलं, "हे न चालणारं कोणी टाकलं?" घेतली वापस. धुरपताबाईले देली तर म्हणे, "मले नको, ती केशोरावची होय. जिथं त्याचे दहा पडले तिथंच टाकजो."

म्हणजे आता पाच रुपये पोहोचवायले मी सात हजार भाडं भरून नेपाळले जाऊ. नोट ठेवली तांदळाच्या डब्यात. दोन साल झाले, रोज तांदूळ काढतानी हाताले लागते.

अन् आता गावात काय पसरलं, अन्नपूर्णा पुन्हा लुंबिनीले जाऊन राहिली, न चालणारा पैसा बी ती बुद्धाजवळ पोहोचवते. झालं. ज्याच्या ज्याच्या घरी दहाचा सिक्का पडून होता तो घेऊन येऊन राहिला. माझ्या नावानं टाकजो, माझ्या बापाच्या नावानं टाकजो. काल खेमराज भाऊजी आले. मले वाटलं बसचं सांगायले आले. त्याहीनं खिशात हात घातला, इकडं तिकडं पाहिलं, अन् टेबलावर ठेवला. "वहिनी, इथं कोणी घेतच नाही."

घेतला. काय करू? पोलक्यात मावे ना म्हणून आता पिशवी शिवून राहिली.