गुरुजी फोन टेकवायला शिकतात

बसा मंडळी, सरकून बसा. मागं उभं राहिलेल्यांनी पुढं यावं. कीर्तनाला पुढची जागा रिकामी ठेवायची आणि प्रसादाला मात्र पहिला नंबर लावायचा, ही आपली जुनी रीत आज जरा बाजूला ठेवू.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. एकच गोष्ट माणसानं किती वेळा विचारावी? एकदा? दोनदा? आणि चौथ्यांदा विचारली, तर समोरच्यानं काय करावं — सांगावं, की डोळे वटारावेत?

हसताय तुम्ही. पण आपले मोठमोठे ग्रंथ कशातून उभे राहिले? शिष्यानं विचारलं, गुरूनं सांगितलं. शिष्य म्हणाला, महाराज, नाही कळलं. गुरूनं पुन्हा सांगितलं. तो परत म्हणाला, अजून थोडं राहिलं. गुरूनं परत सांगितलं. म्हणून तर ग्रंथ एवढे जाड झाले!

तर ऐका. एका जिल्ह्याच्या गावी अष्टपुत्रे नावाचे गुरुजी होते. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर तिथली मंडळी उद्या सकाळी मला फोन करतील. आडनाव अष्टपुत्रे, पण पुत्र एकच, आणि तोही हैदराबादला. गुरुजींनी तीस वर्षं गणित शिकवलं. धोतर नाही हं, कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा-सदरा. पाढे असे पाठ, की तुम्ही त्यांना झोपेतून उठवून सतरा नव्वे विचारलंत तरी उत्तर देऊन पुन्हा झोपतील. छडी त्यांनी कधी उचलली नाही. त्यांना तिची गरजच नव्हती. त्यांच्याकडे एक वाक्य होतं. पोरानं दुसऱ्यांदा काही विचारलं, की गुरुजी चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "एकदा सांगितलेलं कळत नाही?" बस्स. तेवढ्यावर पोरगं खाली बसायचं, आणि त्या वर्षात परत म्हणून हात वर करायचं नाही.

गुरुजी निवृत्त झाले. बारा-चौदा वर्षं सुखात गेली. आणि एका सकाळी कुमुदिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठा दवाखाना आहे, तिथं शस्त्रक्रिया झाली. भेटायची वेळ चार ते सहा.

आता घर ते दवाखाना साडेपाच किलोमीटर. पहिले चार दिवस गुरुजी रिक्षानं गेले. पण जाऊन-येऊन तीनशे रुपये; पेन्शनीत ते किती दिवस बसणार? बसला बारा रुपये. म्हणून पाचव्या दिवशी गुरुजी बसथांब्यावर आले.

आणि बस कोणती आली? नवी कोरी, विजेवरची. आवाज नाही, धूर नाही. आणि मंडळी, कंडक्टरही नाही! दारात एक यंत्र. आपला मोबाईल त्याला टेकवायचा, टुण आवाज येतो, हिरवा दिवा लागतो, झालं तिकीट. रोख पैसे त्या गाडीत घेतच नाहीत. मुलानं हैदराबादहून फोन पाठवला होता, त्यात सगळं बसवूनही दिलं होतं. गुरुजींना वाटलं, टेकवायचा तर आहे. त्यात काय शिकायचं?

त्यांनी फोन टेकवला. लाल दिवा.

ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, आधी फोनचं लॉक काढा."

गुरुजींनी लॉक काढलं. फोन टेकवला, पण उलटा, काच यंत्राकडे. लाल दिवा. मागं रांग वाढली. ड्रायव्हर म्हणाला, "पाठ लावा, फोनची पाठ, आणि टुण होईपर्यंत धरा." गुरुजींनी पाठ लावली आणि विंचू चावल्यासारखी झटकन काढून घेतली. पुन्हा लाल. त्यांनी वळून विचारलं, "किती वेळ धरायचा म्हणालात?"

तेव्हा मागून कॉलेजातला एक जण बोलला, "अहो आजोबा, एकदा सांगितलेलं कळत नाही?"

बघा. तेच वाक्य, अक्षर न अक्षर तेच! त्या पोरानं काही गुरुजींना ओळखलं नव्हतं. त्याला फक्त उशीर होत होता. पण गुरुजींच्या छातीत काहीतरी लागलं. ते म्हणाले, "मला तसं चालतच जायचं होतं," आणि खाली उतरले.

आणि खरंच चालत गेले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर. वैशाखाचं ऊन, वय बहात्तर. पोचायला पाच-सव्वापाच व्हायचे. कुमुदिनीबाई विचारायच्या, "अहो, उशीर का होतो?"

"व्यायाम करतोय. डॉक्टरांनीच सांगितलंय चालायला."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

गुरुजी खिडकीबाहेर बघायचे.

मंडळी, माणूस साडेपाच किलोमीटर उन्हात चालेल, पण "मला येत नाही, जरा दाखवता का" हे पाच शब्द बोलणार नाही. मोजू नका हो शब्द, जास्त भरतील. भाव बघा!

पुढं काय झालं? एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "उद्या साडेचारला मला पहिल्यांदा उभं करणार आहेत. मला भीती वाटते. तुम्ही समोर असलात तर राहीन मी उभी. वेळेवर या."

गुरुजी म्हणाले, "येतो."

दुसऱ्या दिवशी ते दोनलाच निघाले. भर ऊन. अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढं काजवे चमकले. एका रसवंतीवाल्यानं त्यांना बाकावर झोपवलं, डोक्यावर पाणी मारलं. तासभर हलू दिलं नाही. मग ते हळूहळू निघाले, थांबत थांबत. दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वासहा वाजले होते. दार बंद. वॉचमन भला माणूस, पण नियम म्हणजे नियम. गुरुजींनी दारातूनच बायकोला फोन लावला.

"झालं का उभं राहून?"

बाई म्हणाल्या, "नाही राहिले. त्या व्यायामवाल्या बाईंना म्हटलं, हे येऊ देत. त्यांनी वाट पाहिली आणि गेल्या. उद्या परत येणार आहेत." आणि मग हळूच, "तुम्ही बरे आहात ना?"

त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. मी म्हणतो, बरंच झालं. कधी कधी उपाशी पोटी जे पचतं, ते भरल्या पोटी पचत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गुरुजी थांब्यावर गेले. थांब्याच्या शेडला लागून एक फुलवाली बसायची. पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर परडी. रोज बसनं मंडईतून फुलं आणायची. गुरुजी तिच्यापुढं उभे राहिले. घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

ती म्हणाली, "हार देऊ?"

"नको. बाई, तुम्ही बसला तो फोन टेकवता ना... मला येत नाही. जरा दाखवता का?"

आले शब्द! आठवडा लागला, पण आले. पेटीवाले, एक स्वर धरा गुरुजींसाठी.

बाईनं परडी खाली ठेवली, पोतं झटकून जागा केली. "बसा." फुलांचा पत्र्याचा डबा समोर उभा केला. "हा डबा म्हणजे मशीन. आधी अंगठा लावून फोन उघडा. उघडला? आता फोनची पाठ डब्याला लावा. आणि मी टुण म्हणेपर्यंत उचलायचा नाही."

गुरुजींनी लॉक न काढताच फोन लावला. बाई म्हणाली, "आधी अंगठा." त्यांनी अंगठा लावला, तर घामानं तो उमटेना. तिनं पदर पुढं केला, "पुसा." मग पाठ लावली, पण टुण म्हणायच्या आत उचलली. "परत." चौथ्यांदा काच लावली. "परत." पाचव्यांदा जमलं, सहाव्यांदा पुन्हा चुकलं. येणारे-जाणारे बघत होते. एक पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा डब्याला फोन लावतोय, आणि फुलवाली तोंडानं टुण करतेय!

सातव्यांदा गुरुजींनी हात खाली घेतला. "बाई, तुम्हाला राग नाही येत? इतक्या वेळा तेच तेच सांगायचं."

फुलवाली दोऱ्याला गाठ मारत होती. ती म्हणाली, "गुरुजी, मी पाचवीत तुमच्या वर्गात होते."

गुरुजींनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे बघितलं.

"सरस्वती फुलारी. खिडकीशेजारचा बाक. अपूर्णांकांची बेरीज चालली होती. मी विचारलं, मला कळलं नाही. तुम्ही सांगितलंत. मी परत विचारलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, 'हिचं नाव सरस्वती कुणी ठेवलं? एकदा सांगितलेलं कळत नाही.' वर्ग हसला." तिनं गाठ घट्ट केली. "तुमच्यामुळं शाळा सुटली असं नाही हं. घरची कारणं होती. पण त्यानंतर मी कुणालाच काही विचारलं नाही. दुकानात नाही, बँकेत नाही. हा फोनसुद्धा लोकांकडं बघून बघून शिकले, चार महिने लागले. म्हणून म्हटलं, तुम्हाला नीट सांगावं. लावा परत. आधी अंगठा."

गुरुजींनी अंगठा लावला. आठव्यांदा जमलं. नवव्यांदाही जमलं.

दुपारी साडेतीनची बस आली. सरस्वती दारापाशी खाली उभी राहिली. नुसती बघत राहिली. गुरुजींनी अंगठा लावला, फोनची पाठ टेकवली, आणि धरून ठेवली. टुण. हिरवा दिवा! ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, आता उचला फोन, झालं कधीच."

साडेचारला व्यायामवाल्या बाई आल्या, तेव्हा गुरुजी पलंगासमोर हात पुढे करून उभे होते. कुमुदिनीबाईंनी वॉकर धरला, डोळे मिटले, आणि उभ्या राहिल्या. मोजून अकरा सेकंद. गुरुजींनी मोजले, गणिताचे मास्तर ते, मोजणारच.

मग पलंगावर पडल्या पडल्या कुमुदिनीबाई म्हणाल्या, "आज वेळेवर कसे?"

गुरुजींनी सगळं सांगितलं. डबा, टुण, सरस्वती, अपूर्णांक. काही लपवलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग तिला काय म्हणालात?"

"बस आली ना."

"बस रोज येते," बाई म्हणाल्या. "उद्या आधी तिच्याकडे जा. मग माझ्याकडे या."

मंडळी, फोन टेकवायला नऊ वेळा लागल्या. आता माथा टेकवायचा होता, आणि तो डब्यावर सराव करून टेकवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता गुरुजी थांब्यावर गेले. रांग होती, पाच-सात माणसं. गुरुजी तिथंच, सगळ्यांसमोर, पोत्यावर बसले. म्हणाले, "सरस्वती, तुझा प्रश्न बरोबर होता. मीच नीट सांगितलं नव्हतं. आणि माझं सांगणं नीट नाही हे झाकायला वर्गाला तुझ्यावर हसवलं. चुकलो मी."

ती थांबली. सुईत ओवलेलं फूल तसंच राहिलं. बस आली. ती म्हणाली, "गुरुजी, गाडी."

"जाऊ दे."

गाडी गेली. मग सरस्वतीनं इकडंतिकडं बघितलं आणि, चाळीस वर्षांनी, विचारलं. "तो छेद सारखा का करायचा असतो? मला अजून कळलेलं नाही."

गुरुजींनी परडीतला एक हार घेतला. "हा हार. याचा अर्धा आणि याचाच तिसरा हिस्सा, मिळून किती?"

"ते कसं सांगणार? तुकडे लहानमोठे आहेत."

"म्हणूनच. आधी सगळ्या हाराचे सहा सारखे तुकडे कर. अर्ध्यात किती आले?"

"तीन."

"तिसऱ्या हिश्शात?"

"दोन... थांबा. परत सांगा."

गुरुजींनी परत सांगितलं. नाही कळलं. फुलं सोडून, वेगळी मांडून सांगितलं. थोडं कळलं. आणखी एक बस गेली. चौथ्यांदा सांगताना सरस्वतीनं स्वतःच बोटानं फुलांचे गट केले, ओठ हलवले, आणि म्हणाली, "तीन आणि दोन, सहातले पाच. हात्तिच्या, म्हणजे माप एक केल्याशिवाय मोजायचंच नाही. एवढंच होतं होय?"

"एवढंच होतं," गुरुजी म्हणाले. 

दवाखान्यात पोचायला पाच वाजले. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "आज परत उशीर?"

गुरुजी म्हणाले, "वर्ग होता."

तर मंडळी, आता माझा प्रश्न तुम्हाला. तुम्हाला, तरुण मंडळींनो, त्या खांबाला टेकून बसलेल्यांना. अष्टपुत्रे गुरुजी सुधारले. पण आज तुमच्या घरी गुरुजी कोण आहे? तुम्हीच! घरात आई आहे, हातात मोबाईल घेऊन येते, "बाळ, ते फोटो कसे पाठवायचे रे?" आणि तुम्ही, स्वतःच्या स्क्रीनवरून मान वर न करता, काय म्हणता? सांगू मी? की तुमचं तुम्हीच आठवताय?

अरे, याच आईला तुम्ही दोन वर्षांचे असताना विचारलं होतं, हे काय? ती म्हणाली, काऊ. तुम्ही परत विचारलं, हे काय? काऊ. वीस वेळा विचारलं असेल, आणि विसाव्या वेळीही ती पहिल्यासारखीच हसून म्हणाली, काऊ. तिनं कधी मोजलं नाही. देवापुढं बसून आपण तेच नाव हजार वेळा घेतो, तोही कधी म्हणत नाही की एकदा ऐकलं, पुरे.

आज घरी गेल्यावर ती विचारील. नाही विचारलं, तर तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसा. कदाचित तुमच्याच धाकानं तिनं विचारायचं सोडलं असेल. फोन तिच्या हातात द्या, तुमच्या हातात ठेवू नका. आणि सांगा. चुकली तर परत सांगा.

चला, टाळ घ्या हातात. देवाचं नाव घेऊ, आणि उजळणी म्हणून परत एकदा घेऊ.