शून्यावर आलं!

स्वान्सीच्या समुद्राकाठच्या बसथांब्यावर ग्लेनिसबाई बसल्या होत्या. शेजारी दोन मुली येऊन टेकल्या, आणि त्यातली एक मोबाइल नाचवत ओरडलीच.

"बेथन, बघ! शून्य!"

"अगं नेरिस, खात्यात दमडी नाही आणि नाचतेस काय?"

"पाच वर्षं खातं शून्याच्या खाली होतं! कॉलेजात असताना बँकेनं ओव्हरड्राफ्ट दिला, मी उधळला. पदवी घेऊन दोन वर्षं बेकरीत पाव भाजले, तेव्हा कुठे आज फिटला."

"मग चल, चिप्स खाऊ!"

"कशाच्या जिवावर? पगार शुक्रवारी."

"बँकेचेच काढ की थोडे."

"ती सोय सकाळीच बंद करून आले. तिथली बाई म्हणाली, असू दे, अडीनडीला लागेल. म्हटलं, नको बाई, माझाच माझ्यावर भरवसा नाही."

"धन्य आहेस! आणि बसचं तिकीट?"

"अय्या! ते डोक्यातच नाही आलं."

"मी काढते."

"खबरदार! आज कुणाची एक पेनीसुद्धा उसनी घेणार नाही. मी चालत जाते."

"मम्बल्सपर्यंत? या वाऱ्यात?"

"चालत कशाला, पळत!"

"ए वेडे, थांब! मीपण येते!"

बस आली. ग्लेनिसबाई खिडकीशी बसल्या. पुढच्या वळणावर दोघी दिसल्या, केस तोंडावर, खिदळत बसशी शर्यत लावलेली. ग्लेनिसबाईंनी काच सरकवली आणि सगळी बस वळून बघेल अशा आवाजात ओरडल्या,

"पळा गं पोरींनो, पळा!"