हात खाली राहावा म्हणून

—नाही हो सिग्नेताई, खडे टोचत नाहीत आता, सवय झाली — खूप वर्षांपूर्वी नवस बोलले होते, आमचे कर्नल वाळवंटातून धडधाकट परत आले तर गारूपच्या मेरीमाऊलीची ही टेकडी दर जुलैला अनवाणी चढेन, आमचे खलाशी चढतात तशी — आणि आले की! थोडे लठ्ठ होऊनच आले. तिच्या दारातलं मागणं फुकट जात नाही. आता पुन्हा मागितलंय. काय मागितलं? — तुमच्यापासून काय लपवायचं, तुमच्या आर्विदरावांबद्दलच आहे ते!

रागावू नका. ते फोन कंपनीतर्फे त्या बैठकीला बसतात ना, जगातले सगळे फोन कसे चालावेत ते ठरवायला — तिथेच आमचेही बसतात, साध्या कपड्यांत. लष्कराचं नाव काढायचं नाही अशी ताकीद आहे — काढलं का मी? विसरा. तसंही लपलंय कुठे — जीन्सला इस्त्रीची धार, आणि पहिल्याच दिवशी अध्यक्षबाई आत आल्या तर हे ताडकन उभे, टाचा जुळवून! सगळी सभा हसली म्हणे.

आणि तिथे यांचं मागणं केवढंसं? टॉवर बंद पडला तरी जवळच्या दोन फोनांनी थेट एकमेकांशी बोलावं. लष्कराला हवंय, खरंय — पण मला आमच्या लेकीसाठी, क्लेमांससाठी हवंय. डोंगरात शेळ्या पाळते ती. गेल्या उन्हाळ्यात रान पेटलं, टॉवर जळाला, पलीकडच्या उतारावर शेजारी — दोघांच्या हातात फोन, नि दोन्ही मुके. वाचली, माऊलीची कृपा. पण दरसाल काय माऊलीलाच कामाला लावायचं?

तिथे मतदान नसतं म्हणे. अध्यक्षबाई विचारतात, 'कुणाची हरकत?' — सगळे गप्प, की मंजूर. आणि दर वेळी एकच हात वर! बॅटरी लवकर संपेल म्हणतात तुमचे. अख्खी पलटण ज्यांच्या शब्दावर हलायची, ते आमचे आरशापुढे उभे राहून 'कृपया, आर्विद' घोकतात हो — घाबरतात तुमच्या यजमानांना! हे मी सांगितलं असं म्हणू नका.

उद्या शेवटची बैठक. म्हणून म्हणते, तुम्हीही एक नवस बोला — यांचा हात उद्या कॉफीच्या कपावरच राहू दे, म्हणावं. श्रद्धा नसली तरी चालेल, माऊली समजून घेते. गप्प का? — कुणाची हरकत? ... नाही ना? मंजूर! काढा त्या चपला.