बुबुळातला कापूस

त्या वर्षी कापसाला असा भाव, की अमरावतीच्या बाजारात बैलही ऐटीत रवंथ करत. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत आपल्या गाडीवर बसलेल्या खुशालरावांनी पुढच्या गाडीकडे कान लावला. तिथे तानुबाई, तिची सून जमुना, जमुनेची तान्ही लेक, गाडी हाकणारा चंद्रभान आणि एक वैदू.

"वैदूबुवा, सुनेनं पोटुशी असून रेच्यावर बसून, दांडा फिरवून कापसातली सरकी काढली. पोरीच्या बुबुळात कापूस गेला!"

"सुईनं काढतो, माय."

"थांबा," जमुना म्हणाली. "आधी आत्याबाईच्या डोयातला काढा."

"माह्या काहून? माही माय तं जल्मात रेच्यावर बसली नाई!"

"मंग तुमच्या डोयात लहानपणापासून पांढरं काहून हाय?"

वैदूने सुई पागोट्यात खोचली.

"चंद्रभान, गाडी हाक," तानुबाई म्हणाली. "अन् जमुने, पोरीले माह्याजवळ दे."