गंधमुक्तीला वाटलेला प्रोग्राम

नाही, पण मला सांगा, दहाव्याला कावळा शिवेना म्हणून माणूस जे बोलून जातो, ते काय धरून बसायचं असतं? पण कावळ्यानेच धरलं ना! माझा मोठा भाऊ समाधान, कावीळ अंगावर काढली आणि ऐन श्रावणात गेला... मेहरूण तलावाच्या काठी पिंड ठेवलेला आणि कावळे झाडावर बसून नुसते आमच्या तोंडाकडे बघतायत. मामा ओरडले, "आईला सांभाळू रे!" कावळा ढिम्म. आत्या ओरडली, "दरवर्षी तुझ्या आवडीचे मांडे करीन!" कावळ्याने मान फिरवली. आणि माझ्या तोंडून गेलं, "भाऊ, तुना तो परोग्राम मी बठ्ठा जगले वाटसू!" सगळ्या जगाला वाटीन म्हटलं, आणि झप्! झडप घालून शिवला की हो! आई रडता रडता थांबली. "काय वाटशी रे तू? काय शे ते?"

आता मी सातवी नापास, पंक्चर काढणारा माणूस, मला काय कळतंय त्यातलं?

तुम्हाला सांगतो, दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून एक साहेब बदलून गेले, त्यांनी टाकून दिलेला एक कॉम्प्युटर भावाने उचलून आणला होता. कीबोर्डच्याच पोटात सगळा कॉम्प्युटर, वायर टीव्हीला! वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठा. तुमच्या मोबाईलमधला एक फोटो त्यात मावणार नाही, आणि त्यात या माणसाने खिडक्या उघडणारा, बाण पळवणारा प्रोग्राम लिहिला. मी म्हणायचो, "विक ना मग!" तर म्हणायचा, "येड्या, हा शौक आहे. जगभर असे लोक आहेत, लिहिलेलं आतल्या ओळींसकट देऊन टाकतात. कुणी बघा, कुणी सुधारा. मीपण देणार. जरा नीट करतो, मग देतो." नीट करता करता गेला...

फ्लॉप्या काढल्या, तर सगळ्यांना बुरशी. एक राहिला होता तो काठाला भोकं असलेला लांबच लांब कागद, त्यावर सगळ्या ओळी छापलेल्या. आणि मी वाटसू म्हणालो होतो ना? आमच्यात गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटल्याच्या जेवणाला, स्टीलचे पेले वाटतात. मी कागद घेऊन थेट छापखान्यात! छापखानेवाले झुलाल नाना म्हणाले, "ही कोणती पोथी?" मी म्हटलं, "भाऊनी शे." त्यांनी वर गणपती टाकला, मध्ये भावाचा फोटो, खाली 'शोकाकुल समस्त परिवार', आणि आख्ख्या पंगतीला एकेक पुस्तिका! मामा चष्मा लावून मोठ्याने वाचायला बसले, "दहा... वीस... तीस..." प्रत्येक ओळीला आकडा ना! आत्याने हात जोडले. आत्या अजून ती देवघरात ठेवून रोज फुलं वाहते. मी तरी कोणत्या तोंडाने नको म्हणू? मला काय कळतंय त्यातलं?

मग आमच्या शेजारचे हीरालाल शेठ जेवून गेले ना, त्यांची आयुषी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, ती पुस्तिका घेऊन पळत आली. "दादा, हे काय वाटलंत तुम्ही?" मी म्हटलं, "चुकलं असेल बाई..." तर म्हणते, "अहो, सोर्स कोड आहे हा! अख्खा! पूर्वी असाच छापून वाटायचे, लोक घरी बसून टाईप करायचे!" म्हणजे बघा... मी येडेपणा केला आणि तो बरोबर निघाला!

दिवाळीची सुट्टी पोरीने भावाच्या खुर्चीत घालवली. आई चहा देत राहिली. आणि एका दुपारी टीव्ही उजळला... काय सांगू तुम्हाला! खिडकी उघडली. खिडकीवर खिडकी उघडली. आणि कोपऱ्यात, नको ते टाकायला, काय काढलंय माझ्या भावाने? उकिरडा! एकेक ठिपका मांडून काढलेला उकिरडा, वर कोंबडी! आयुषीने बाणाने एक कागद ओढत नेऊन टाकला, तर कोंबडीने टोच मारली हो! मी हसलो. हसलो आणि मग मला थांबताच येईना, आणि ते हसणं नव्हतं...

आयुषीने ते इंटरनेटवर टाकून जगाला देऊन टाकलं. आता पोलंड म्हणून गाव आहे, देश असेल, तिथल्या म्हाताऱ्याने स्वतःच्या जुन्या मशीनचा फोटो पाठवला. पडद्यावर आमची कोंबडी! तो विचारतोय, 'हा ढीग कसला?' आणि म्हणे, 'हा माणूस थोर आहे, त्याला भेटता येईल का?' मला काय कळतंय त्यातलं, मी काय लिहू त्याला?

टीव्ही उजळला त्याच दुपारी आई म्हणाली होती, "आते बंद कर, तपी गया व्हई तो." बाण नेऊन बंद करायला दाबलं, तर मधोमध चौकट उघडली. भावाच्या हातची अक्षरं: 'बंद करू का रे, भाऊ?' खाली 'हा' आणि 'नही'.

तुम्ही काय दाबलं असतं?

मी 'नही' दाबलं. तेव्हापासून चालूच आहे. मध्ये लाईट गेली की इन्व्हर्टर. घरात इन्व्हर्टर कुठला? दुकानातला काढून आणला. आता लाईट गेली की दुकानात अंधार, टपात ट्यूब बुडवली तर बुडबुडे दिसत नाहीत. गिऱ्हाईक बोंबलतं, "अरे, दिसतंय का काही तुला?" मी म्हणतो, "मला काय दिसतंय त्यातलं? तुमच्या मोबाईलला बॅटरी आहे ना साहेब... धरा जरा."