टॅक्स मान्य नसल्याचं पत्र

मी टॅक्सवाल्यांना पत्र लिहिलं होतं, ते सांगितलंय का तुम्हाला? इकडे परदेशात, ओंगारला, घरून केक विकायला लागले, तेव्हा एक गिऱ्हाईक ठामपणे म्हणालं, "टॅक्स ऐच्छिक असतो. मान्य नाही असं कळवायचं." मी खरंच कळवलं.

नवरा ऐकून ओरडला, "अगं, आपला इथल्या नागरिकत्वाचा अर्ज गेलाय, त्यात टॅक्सही बघतात."

मी घाबरत टॅक्स ऑफिसला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "टॅक्स कायद्यानेच भरावा लागतो. पण रिटर्नची मुदत अजून आहे. वेळेत भरलंत की यू आर ग्रँड, काही काळजी नाही."

माझ्या जिवात जीव आला. "आणि ते पत्र?"

"अशी पत्रं आम्ही फाइलला लावतो, मनाला लावून घेत नाही."