टेप गळ्यात, चाक डोक्यात

...अहो, सव्वीस इंच काय, साडेसत्तावीस काय, एकोणतीस काय, शेवटी गोलच ना ते? पण नाही! तुम्हाला सांगतो, आठ महिने माझ्या डोक्यात एकच किडा... चाक केवढं?

झालं काय, जुन्या बाजारात मला सायकलचा एक सांगाडा मिळाला. डोंगरात चालवायची सायकल, अस्सल पोलादी, शॉकॲब्सॉर्बर पुढे नाही, मागे नाही, म्हणजे दगड आला की धक्का एक तर चाकानं खायचा, नाहीतर मी! आणि मी शिंपी माणूस, दिवसभर मशीनवर वाकून कंबर आधीच कुरकुरतेय, मग चाकाचा विचार नको करायला? लेक म्हणाली, "बाबा, तुझी सायकल झाली की मागच्या टेकडीवर जाऊ, आपण दोघंच." मी म्हटलं, आठवड्यात करतो!

आठवड्यात... हं!

सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार हात पसरून, "एकोणतीस घ्या साहेब! खड्डा कधी आला, कधी गेला, कळणारसुद्धा नाही!" पटलं. बाहेर पडतोय तोच कोपऱ्यावरचा म्हातारा मेकॅनिक, "सव्वीस. हलकं असतं. एकोणतीस वळवायला तुम्हाला अख्खा चौक लागेल, चौक!" तेही पटलं! मग मेहुणा. शेवटची सायकल चालवली दहावीत, पण मत द्यायला पुढे! "भावजी, साडेसत्तावीस. ना इकडे, ना तिकडे." अरे, तुझं सगळं आयुष्यच ना इकडे ना तिकडे गेलंय, तुझं कशाला ऐकू? पण ऐकलं! मोबाईलवरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये विचारलं, चाक केवढं? तिघं ग्रुप सोडून गेले, दोघांनी एकमेकांच्या बापाचा उद्धार केला, आणि मला उत्तर? कुणीच दिलं नाही!

इकडे सांगाडा माझ्या दुकानाच्या ट्रायल रूममध्ये टांगलेला, गिऱ्हाइकं त्याला शर्ट अडकवतायत. मी मापं घेतोय, डोक्यात चाक. एका सहाफुटी माणसाच्या पँटची लांबी लिहिली एकोणतीस! शिवली, त्यानं घातली... पोटऱ्या उघड्या! काय बोलला ते राहू द्या.

आणि अशात लेकीला लांबच्या गावी नोकरी लागली. सोमवारची गाडी. गुरुवारी बॅग भरता भरता म्हणाली, "राहू दे बाबा. सुट्टीला आले की जाऊ." तुम्हाला सांगतो, रागावली असती तर चाललं असतं. पण ते "राहू दे"... लागलं हो.

म्हणून शुक्रवारी सकाळी मी तीन चिठ्ठ्या केल्या. हो, चिठ्ठ्या! लेकीसमोर धरल्या, म्हटलं, उचल एक. तिनं माझ्याकडे बघितलं, सांगाड्याकडे बघितलं, आणि माझ्या गळ्यातली टेप ओढली. "बाबा, यात मुळात बसतं केवढं?"

...

चाकाचा दांडा जिथे अडकतो, तिथून वरच्या आडव्या पट्टीपर्यंत टेप लावली. साडेतेरा इंच! एकोणतीसचे निम्मे साडेचौदा, बसत नाही. साडेसत्तावीसचे निम्मे पावणेचौदा, बसत नाही. सव्वीसचे निम्मे तेरा, वर अर्धा इंच लूझिंग. आम्ही शर्टात सोडतो तसं!

आठ महिने! टेप गळ्यात! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मीच. पण खरं सांगू? लाज वाटायच्या आधी हलकं वाटलं. निवडायचंच नव्हतं हो काही! सुटलो! सांगाडा खांद्यावर टाकून मेकॅनिककडे पळालो. तो म्हणतो, "हा आधीच आणला असतात, तर तेव्हाच सांगितलं असतं की!" आणि शनिवारी सायकल हातात ठेवली त्यानं.

रविवारी टेकडी. धक्के? सगळे मीच खाल्ले! दात वाजले, कंबरेनं शिव्या घातल्या, शेवटचा चढ तर सायकल ढकलत गेलो. पण गेलो! वर दगडावर दोघं टेकलो. लेक म्हणाली, "जमलं की, बाबा." माझे डोळे भरून आले, त्यात कसली लाज?

घरी परत आलो तर बायको दारात. म्हटलं, आता ही कौतुक करणार. तर म्हणते कशी, "टेप सापडलीच आहे, तर माझं ते ब्लाउजचं कापड काढा. दोन वर्षं कपाटात पडलंय."

काढलं. मुकाट्यानं माप घेतलं. आणि विचारू नये ते विचारून बसलो... बाह्या केवढ्या?

म्हणाली, "तुम्हीच ठरवा."